पायांचा तिढा

कुस्ती केव्हां संपते, असें कोल्हापूर-सांगलीकडील एखाद्या शाळकरी मुलास विचारलें, तर तो क्षणाचाहि विचार न करतां सांगेल कीं, पाठ मातीला लागली म्हणजे कुस्ती संपली. चितपट हें या खेळाचें अंतिम ध्येय, आणि पैलवानाचे सारे डाव त्या एका ध्येयाकडे वळलेले असतात. टांग मारावयाची ती तोल घालविण्यासाठीं. पट काढावयाचा तो प्रतिस्पर्ध्यास जमिनीपासून सुटा करण्यासाठीं. २०१२ सालच्या लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत योगेश्वर दत्त यानें ६० किलो वजनाच्या गटांत ज्या ‘फितले’ नांवाच्या डावानें कांस्यपदक मिळविलें, त्यांतहि प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही पाय घोट्यांपाशीं एकावर एक आवळून त्याला लोळविलें होतें. पाय धरले ते पाठ फिरविण्यासाठीं. गुडघा दुखवावा, गुडघ्यावर कुस्ती जिंकावी, हा विचार आखाड्यांत नाहीं.

परंतु जगांत मल्लविद्येचे असेहि प्रकार आहेत कीं, ज्यांत पाठ लागली तरी झुंज चालूच राहते. ब्राझिलांत वाढलेली ज्युजुत्सु हा त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध प्रकार होय. तिच्यांत, आणि तिच्यापासून निघालेल्या अंगरख्याशिवायच्या झुंजींत, गळा आवळून किंवा एखादा सांधा पेचांत धरून प्रतिस्पर्ध्याकडून शरणागति मिळवावयाची असते. शरण जाणारा हातानें दोनतीनदां थोपटतो आणि पेच तत्काळ सुटतो. येथें पाठीवर पडलेला मल्ल हरलेला नसतो. उलट त्याचे दोन्ही पाय मोकळे झालेले असतात, आणि त्या दोन पायांनीं तो समोरच्या माणसाचा एक पाय असा गुंतवितो कीं, त्या पायाचा गुडघा सर्वस्वीं त्याच्या स्वाधीन होतो. या गुंतवणीला जपानी भाषेंत ‘अशि-गरामि’ म्हणतात. ‘अशि’ म्हणजे पाय आणि ‘गरामि’ म्हणजे गुंतविणें. मराठींत तिला पायांचा तिढा म्हणतां येईल. गेल्या वीसएक वर्षांत या तिढ्यानें त्या खेळाचें रूपच पालटून टाकलें आहे, आणि त्याबरोबर गुडघ्याच्या दुखापतीची भीतिहि तालमीतालमींत नेऊन पोंचविली आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आतां हा खेळ शिकविला जातो. म्हणून हा तिढा धरतो कसा आणि त्यांतून सुखरूप सुटावें कसें, हें खेळणाऱ्या तरुणांनीं आणि त्यांच्या वडीलमंडळींनींहि समजून घेण्याजोगें आहे.

प्रथम गुडघ्याचाच विचार केला पाहिजे. कमरेच्या सांध्यांत मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणींत बसलेला असतो. गुडघ्याला तसा आधार नाहीं. मांडीच्या हाडाचीं दोन गोलसर टोकें नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेलीं असतात. मध्यें कूर्चेच्या चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. आणि हा सारा डोलारा चार बळकट अस्थिबंधांनीं बांधून ठेवलेला असतो. एक बंध आंतल्या कडेला, एक बाहेरच्या कडेला, आणि दोन सांध्याच्या पोटांत एकमेकांना छेदून गेलेले. समोरून दिसणारी वाटी ही केवळ या वाड्याची दर्शनी बाजू. घर उभें आहे तें या चार बंधांवर.

खुर्चीवर बसून कोणासहि एक लहानसा प्रयोग करून पाहतां येईल. गुडघा काटकोनांत वाकवून मांडी दोन्ही हातांनीं घट्ट धरावी आणि पावलाचा चवडा आंत-बाहेर फिरवावा. पावलाबरोबर नडगीहि थोडीशी, परंतु स्पष्टपणें, फिरतांना जाणवेल. आतां पाय ताठ सरळ करावा आणि तसेंच करून पाहावें. या खेपेस नडगी मांडीपासून वेगळी अशी फिरत नाहीं. सबंध पायच कमरेपासून फिरूं पाहतो, आणि मांडीवरील हातांना तें लगेच कळतें. यावरून असें दिसून येईल कीं, गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा आहे. तो मिटतो आणि उघडतो. पीळ सोसण्याची त्याची शक्ति वाकलेल्या स्थितींत थोडीशी, आणि सरळ स्थितींत जवळजवळ नाहींच. ती मर्यादा संपली कीं, पुढचा सगळा भार त्या चार बंधांवर आणि दोन गाद्यांवर येऊन पडतो.

या मर्यादेचाच फायदा घेणारी पकड ‘हील हुक’ या नांवानें ओळखली जाते. प्रतिस्पर्ध्याच्या पावलाचा चवडा काखेंत दाबावयाचा, टाच हाताच्या कवेंत अडकवावयाची, आणि सबंध धड वळवून टाच फिरवावयाची, असें तिचें स्वरूप आहे. पाऊल येथें पान्याच्या दांडीचें काम करतें. घट्ट बसलेला नट नुसत्या बोटांनीं हलत नाहीं. पण लांब दांडीचा पाना लावला म्हणजे पोरसवदा उमेदवारहि तो फिरवितो. त्याचप्रमाणें टाचेवर दिलेला बेताचा जोर नडगीवाटे गुडघ्यांत जबरदस्त पीळ होऊन उतरतो. टाच बाहेरून धरली तर पाऊल आंत वळतें, आंतून धरली तर तें बाहेर वळतें. आणि यांतील दुसरा प्रकार अधिक घातक मानला जातो.

असें असलें तरी केवळ टाच हातीं आली म्हणून गुडघा पिळतां येत नाहीं, आणि या विद्येचें मर्म नेमकें येथें आहे. ओलें धोतर पिळणारा मनुष्य एकच टोक धरून फिरवीत बसला, तर सगळें धोतर गरगर फिरेल आणि पाण्याचा थेंब गळणार नाहीं. दुसरें टोक कोणीतरी धरलें पाहिजे, नाहींतर खुंटीला अडकविलें पाहिजे. पायाचेंहि तसेंच आहे. टाच फिरूं लागतांच प्रतिस्पर्धी त्याच दिशेनें अंग टाकून लोळला, तर पिळाला आधार मिळत नाहीं आणि टाच निसटते. पीळ बसावयाचा असेल तर मांडी आणि कंबर स्थिर राहिली पाहिजे. पण धरणाऱ्याचे दोन्ही हात तर टाचेंत गुंतलेले. मग कंबर धरावयाची कशानें? त्याचें उत्तर म्हणजेच पायांचा तिढा. हात धोतराचें एक टोक पिळतात, पाय दुसरें टोक धरून ठेवतात.

या तिढ्याची मजबुती ओळखण्याची एक सोपी खूण आहे. इंग्रजी बोलणारे खेळाडू तिला गुडघ्याची रेषा म्हणतात. धरणाऱ्याच्या दोन मांड्यांचा चिमटा प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याच्या वर, म्हणजे मांडीवर, बसलेला असेल तोंवर गुडघा कैदेंत आहे असें समजावें. प्रतिस्पर्ध्यानें पाय ओढून गुडघा त्या चिमट्याबाहेर काढला आणि चिमट्यांत नुसती नडगी उरली, कीं टाच अजून हातांत असली तरी कैद सुटली. कारण आतां त्याचें बाकीचें शरीर पिळाबरोबर फिरावयास मोकळें झालें. नवशिका टाचेकडे टक लावून पाहतो. जाणत्याचें लक्ष गुडघा रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, इकडे असतें.

तिढ्याचे प्रकार पुष्कळ आहेत. परंतु चार ओळखले म्हणजे बाकीच्यांचा उलगडा होतो. पहिला साधा तिढा. धरणारा जमिनीवर बसलेला किंवा पाठीवर पडलेला असतो आणि प्रतिस्पर्ध्याचा एक पाय त्याच्या दोन पायांमध्यें असतो. बाहेरच्या पायाचें पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला टेकून त्याला जवळ येऊं देत नाहीं. आंतला पाय त्याच्या मांडीखालून आंकड्यासारखा वळून त्याला दूर जाऊं देत नाहीं. दोन्ही गुडघे जवळ आवळले म्हणजे मांडी चिमट्यांत सांपडते. शिकण्यास हा सर्वांत सोपा, म्हणून बहुतेकांचा ओनामा येथूनच होतो. त्याचें उणें एवढेंच कीं, प्रतिस्पर्ध्याचा दुसरा पाय मोकळा राहतो. त्या पायाच्या बळावर तो उभा राहतो, वळतो, आणि अंगाचा भार देऊन चिमटा उघडतो.

दुसऱ्या प्रकारांत धरणारा आपलीं दोन्ही पावलें प्रतिस्पर्ध्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूस नेतो. त्यामुळें त्याचा स्वतःचा पाय उलट पकडींत सांपडण्याची भीति कमी होते. पण प्रतिस्पर्ध्याची कंबर पहिल्याइतकी बांधली जात नाहीं आणि लोळून निसटण्याची वाट उघडी राहते.

तिसरा प्रकार सर्वांत भक्कम. त्याला जपानी ‘संकाकु’, म्हणजे त्रिकोण, या शब्दावरून नांव मिळालें आहे. येथें धरणाऱ्याचे पाय प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांच्या मधून जाऊन एका मांडीभोंवतीं वेढा घालतात, आणि एकाचें पाऊल दुसऱ्याच्या गुडघ्यामागील लवणींत अडकून त्रिकोण मिटतो. प्रतिस्पर्धी खालीं बसतो आणि उभें राहण्याची त्याची शक्ति जाते. अडकलेल्या पायाची टाच आंतल्या बाजूनें उघडी पडते. आणि त्याचा दुसरा पायहि काखेंत धरून ठेवतां आला, तर लोळून सुटण्यास जागाच उरत नाहीं. धोतराचें दुसरें टोक जणूं खुंटीला पक्कें बांधलें गेलें.

चौथ्या प्रकाराचें नांव मोठें बोलकें आहे: ‘फिफ्टी-फिफ्टी’. यांत दोघांचेहि पाय एकमेकांत आरशांतल्या प्रतिबिंबासारखे गुंततात. जें एकाला करतां येतें तेंच दुसऱ्यालाहि करतां येतें. निम्मा धोका याचा, निम्मा त्याचा. अशा समसमान स्थितींत अंगाच्या बळाला फारसें स्थान उरत नाहीं. ज्याला पायांचें गणित अधिक कळतें त्याचीच सरशी होते.

हा तिढा कांहीं आजचा नाहीं. जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं तोक्यो येथें कोडोकान ही जूदोची शाळा काढली. तेथें जमिनीवरील पकडींचा जो नमुनापाठ शिकविला जातो, त्यांतील पंधरा पकडींपैकीं अगदीं शेवटची ‘अशि-गरामि’च आहे, आणि ती गुडघा पिळणारीच पकड आहे. पाठांत ती जपून ठेवली आहे, पण झुंजींत तिला मनाई आहे. आजच्या जूदोच्या स्पर्धांत कोपराखेरीज दुसऱ्या कोणत्याहि सांध्यावर पेच घालतां येत नाहीं. पायांच्या तिढ्याची धास्ती किती रास्त आहे, हें १९८० सालच्या अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धेंत दिसून आलें. सुमिओ एन्दो यानें यासुहिरो यामाशिता याच्या पायांना स्वतःच्या पायांची कात्री घालून त्याला पाडण्याचा डाव टाकला, आणि त्यांत यामाशिताच्या पायाचें हाड मोडलें. यामाशिता बरा झाला आणि १९८४ सालीं त्यानें ऑलिंपिक सुवर्णपदकहि मिळविलें. पण त्या कात्रीच्या डावाला पुढें स्पर्धांतून हद्दपार व्हावें लागलें.

रशियांत निराळी वाट निघाली. कोडोकानमध्यें शिकलेला वासिली ओश्चेपकोव ज्यांच्या उभारणींत होता, त्या सांबो कुस्तीला १९३८ सालीं सोव्हिएट सरकारची मान्यता मिळाली. तींत पायाच्या पकडींना वाव ठेवला गेला. मात्र गुडघा सरळ रेषेंत ताणणें चालतें, टाच पिळणें चालत नाहीं, अशी सीमा आंखली गेली. ब्राझिलच्या ज्युजुत्सूंत बंदीपेक्षां उपेक्षा अधिक होती. पायाला झोंबणें म्हणजे आडदांडपणा, खरी विद्या वरच्या अंगाची, असा समज तेथें कित्येक वर्षें रूढ होता.

हा समज मोडण्याचें श्रेय ज्यांना दिलें जातें, त्यांत जॉन डॅनहर हें नांव ठळक आहे. न्यूझीलंडमध्यें वाढलेला हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यास आला आणि ज्युजुत्सूचा शिक्षक होऊन बसला. डीन लिस्टर नांवाचा अमेरिकन मल्ल त्याच्या तालमींत आला असतां, माणसाचें निम्में शरीर तुम्ही सोडून कां देतां, अशा अर्थाचा प्रश्न त्यानें विचारला. प्रश्न साधा होता, पण तो डॅनहरच्या मनांत घर करून राहिला. पुढें लिस्टरनें २००३ सालीं ए. डी. सी. सी. या जागतिक स्पर्धेचा खुला गट जिंकला. आणि डॅनहरनें पायांच्या तिढ्यांची पद्धतशीर मांडणी करून एडी कमिंग्ज, गॅरी टोनन, गॉर्डन रायन अशी शिष्यमंडळी तयार केली. त्याच्या शिकवणीचें सार असें कीं, आधीं स्थिति पक्की करावी, पीळ मागाहून द्यावा. पूर्वीचे मल्ल टाच दिसली कीं झडप घालीत. ती निसटण्याची भीति असल्यामुळें झटका देत. आणि झटक्यांत गुडघा जाई. तिढा पक्का असेल तर टाच निसटण्याची भीति नाहीं, म्हणून घाईहि नाहीं, आणि घाई नाहीं म्हणून प्रतिस्पर्ध्याला शरण जाण्यास अवधि मिळतो.

या विद्येचा सर्वांत बोलका दाखला २०१९ सालच्या ए. डी. सी. सी. स्पर्धेंत मिळाला. ही स्पर्धा त्या वर्षीं कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें भरली होती. लॅकलन जाइल्स हा ऑस्ट्रेलियन मल्ल ७७ किलोच्या गटांत उतरला होता आणि तेथें त्याला पदक मिळालें नाहीं. नंतर तो खुल्या गटांत, म्हणजे जेथें वजनाची अट नाहीं अशा गटांत, खेळला. तेथें त्यानें केनन दुआर्ते, पॅट्रिक गाउदियो आणि महामद अली या तिघांना टाच पिळून शरण आणलें आणि कांस्यपदक मिळविलें. तिघेहि त्याच्याहून पुष्कळ वजनदार. त्यांतील दुआर्तेनें तर त्याच स्पर्धेंत ९९ किलोंवरील गट जिंकला होता. जाइल्स हा फिफ्टी-फिफ्टीच्या तिढ्यांत वाकबगार म्हणून ओळखला जातो. त्याची आणखी एक ओळख येथें सांगण्यासारखी आहे. तो पेशानें भौतिकोपचारतज्ज्ञ असून गुडघ्याच्या दुखण्यावर संशोधन करून त्यानें डॉक्टरेट मिळविली आहे. दुखरा गुडघा बरा कसा करावा याचा अभ्यास केलेला मनुष्य गुडघ्याच्या पेचांत सर्वांच्या पुढें जावा, यांत विरोध दिसला तरी तो खरा नाहीं. दोहोंना लागणारें ज्ञान एकच.

अशा निकालांनंतर नियम बदलले. ब्राझिलियन ज्युजुत्सूची जी सर्वांत मोठी संघटना आहे, तिनें २०२१ सालापासून हील हुकला परवानगी दिली. परंतु ती अंगरख्याशिवायच्या झुंजीपुरती, आणि तपकिरी व काळ्या पट्ट्याच्या प्रौढ खेळाडूंपुरतीच. अंगरखा घालून खेळतांना, मुलांना, आणि खालच्या पट्ट्याच्या खेळाडूंना मनाई कायम आहे. या मर्यादेमागें कारण आहे, आणि तें प्रत्येक शिकणाऱ्यानें मनावर कोरून ठेवलें पाहिजे.

कोपर सरळ ताणला जात असतां वेदना आधीं होते आणि इजा मागाहून; माणसाला सावध होण्यास वेळ मिळतो. गुडघ्याच्या पिळांत वेदना हा असा भरंवशाचा पहारेकरी नाहीं. पुष्कळदां ताण फारसा जाणवत नाहीं, आणि जाणवतो तेव्हां बंध तुटण्याच्या बेतांत आलेला असतो. सांध्याच्या पोटांतील पुढचा बंध पुरता तुटला तर तो बहुधा आपोआप सांधत नाहीं. शरीराच्याच दुसऱ्या भागांतील स्नायुरज्जु घेऊन नवा बंध बसवावा लागतो, आणि पुन्हां खेळूं लागण्यास नऊ महिने किंवा त्याहूनहि अधिक काळ जातो. कूर्चेच्या गाद्यांच्या आंतल्या भागास रक्ताचा पुरवठा नसल्यासारखाच असल्यामुळें तेथील फाट भरून येणें कठीण. विशींतल्या खेळाडूनें एका क्षणाच्या हट्टापायीं गमाविलेली ही वस्तु त्याला साठींतहि जिना चढतांना आठवेल.

म्हणून ज्याचा पाय गुंतला आहे त्यानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, टाच लपवावी; पाऊल आपल्याकडे ओढून ताठ धरावें आणि टाच प्रतिस्पर्ध्याच्या कवेंत जाऊं देऊं नये. दुसरी, गुडघा रेषेबाहेर काढण्याचा यत्न आधीं करावा. त्यासाठीं हातांनीं त्याचे पाय सोडवावे, नुसतें पाऊल ओढीत बसूं नये. तिसरी, टाच धरली गेली आणि गुडघा अजून कैदेंत असला, तर आंधळेपणानें लोळूं नये. चुकीच्या दिशेनें लोळणारा मनुष्य स्वतःच्या वजनानें स्वतःचा गुडघा पिळतो. त्या वेळीं थोपटणें हाच शहाणपणा. दुखण्याची वाट पाहून थोपटणारा उशीर करतो. स्थिति ओळखून थोपटणारा दुसऱ्या दिवशीं पुन्हां तालमींत येतो.

धरणाऱ्याची जबाबदारी याहूनहि मोठी आहे. ज्याला तिढा पक्का करतां येत नाहीं, त्यानें पिळाला हात घालूं नये. सरावांत तर चांगल्या तालमींतून अशी चाल पडली आहे कीं, तिढा बसला आणि टाच हातीं आली, कीं धरणारा तेथेंच थांबतो. पीळ देत नाहीं. समोरच्याला आपण कोठें सांपडलों हें कळलेलें असतें. तो हळूच थोपटतो, पाय मोकळा होतो, आणि दोघे समोरासमोर बसून पुन्हां पहिल्यापासून खेळूं लागतात.